प्लास्टिकची घडण, भाग ७ : वितळूनही न मिसळणारी

एका पॉलिमरचा वितळलेला रस कसा वाहतो, ते मागच्या भागात पाहिलं. आता दोन एकत्र वितळवू. शाम्पूची बाटली बहुधा एचडीची, म्हणजे हाय-डेन्सिटी पॉलिथिलीनची असते. झाकण पीपीचं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं. दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. भंगाराचा चुरा पाण्याच्या टाकीत टाकला तर दोन्ही तरंगतात आणि पुष्कळदा एकत्रच एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे स्क्रूने प्लास्टिक वितळवत पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, जातात. बाहेर पडणारा दाणा एकजीव दिसतो, पण त्याची पट्टी ताणली की चटकन तुटते.

दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनच, तरी ती मिसळत नाहीत. लहान रेणू मिसळतात ते बव्हंशी विस्कळीतपणा वाढतो म्हणून. हजारो दुव्यांच्या साखळीत हा लाभ जवळजवळ उरत नाही. मग दोघांमधली किंचित नावडही त्यांना वेगळं ठेवायला पुरते. म्हणून एक पॉलिमर दुसऱ्यात थेंबांच्या रूपात राहतो. या थेंबांचा आकार नुसत्या प्रमाणावरून सांगता येत नाही. तो प्रवाहात ठरतो, आणि मिश्रणाची खरी गोष्ट तिथेच आहे.

केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी १९३४ मध्ये प्रवाहात एकच थेंब धरून ठेवून त्याचं काय होतं ते पाहिलं. भोवतालचा द्रव थेंबाला ओढतो, पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो. ओढ वरचढ ठरली की थेंब लांबतो, त्याचा दोरा होतो आणि नळाची बारीक धार तुटावी तसा तो दोरा तुटून लहान थेंब होतात. पण थेंब भोवतालच्या द्रवापेक्षा फारच घट्ट असेल, तर थरावर थर सरकवणाऱ्या प्रवाहात तो फुटतच नाही, जागीच गरगरत राहतो. घट्टपणाचं गुणोत्तर साधारण चारच्या वर गेलं की स्क्रूचा वेग वाढवून उपयोग नाही. तिथे ताणणारा प्रवाह लागतो, जसा अरुंद फटीत शिरताना मिळतो. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण मिश्रण बिघडलं की कारखान्यात पहिला हात वेगाच्या बटणाकडेच जातो.

शिवाय फुटलेले थेंब एकमेकांना भेटले की पुन्हा जुळतात. रस वितळलेल्या अवस्थेत नुसता थांबला तरी थेंब मोठे होतात. साच्यात भरताना भिंतीलगतचे थेंब ताणले जाऊन तसेच गोठतात, मधल्या भागातले सावकाश थंड होताना गोल होतात. म्हणून अशा वस्तूच्या पृष्ठभागाचे कधी कधी पापुद्रे निघतात.

पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडली आणि तो भंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर थेंब निसटून गेलेले खड्डे दिसतात. खड्ड्यांच्या कडा गुळगुळीत असतात. थेंबाला भोवतालच्या प्लास्टिकने धरूनच ठेवलेलं नव्हतं. पट्टी का तुटते ते इथे उघड दिसतं.

न मोडताही थेंबांचा माग लागतो. वितळलेला रस अगदी संथ लयीत पुढेमागे हलवला की थेंब किंचित लांबून परत गोल होतात, आणि घटक पॉलिमरांपैकी कुणातच नसलेला जादा लवचिकपणा दिसू लागतो. पालिएर्न यांच्या १९९० च्या सिद्धांतावरून त्या लवचिकपणातून पृष्ठताणाचा अंदाज बांधता येतो. थेंबांचा आकार तेवढा माहीत असावा लागतो.

इलाज थेंबाच्या सीमेवर करावा लागतो. २०१७ मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या संशोधकांनी पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे तुकडे आलटून पालटून जोडलेली साखळी तयार केली. तिचे तुकडे सीमेच्या दोन्ही बाजूंना आपापल्या जातीच्या पॉलिमरमध्ये शिरतात आणि दोघांना शिवून टाकतात. चार तुकड्यांची अशी साखळी वजनाने जेमतेम एक टक्का घातली, तरी पूर्वी चटकन तुटणारी पट्टी कित्येक पट ताणली गेली.