न्यामाताचे शेजारी

रवांडाची राजधानी किगाली सोडून दक्षिणेला निघाले की न्याबारोंगो नदी लागते आणि पलीकडे बुगेसेराचा सखल, कोरडा मुलूख सुरू होतो. न्यामाता हे तिथले बाजाराचे गाव. गावातल्या विटांच्या चर्चमध्ये आता प्रार्थना होत नाही. बाकांवर कपड्यांचे ढीग आहेत. सदरे, झगे, लहान मुलांचे फ्रॉक, सगळे मातीने एकाच रंगाचे झालेले. पत्र्याचे छत हातबॉम्बच्या किरचांनी चाळणीसारखे झाले आहे. एप्रिल १९९४ मध्ये, तुत्सी समाजाच्या वंशसंहारात, आश्रयाला आलेली सुमारे १० हजार तुत्सी माणसे इथे मारली गेली. आवारातल्या सामूहिक कबरींमध्ये आसपासच्या ४५ हजारांहून अधिक लोकांचे अवशेष आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

ही माणसे चर्चमध्येच का जमली, याचे उत्तर दोन वर्षे आधीचे आहे. मार्च १९९२ मधल्या कत्तलीत चर्चच्या आसऱ्याला आलेले लोक वाचले होते. तेव्हा इथे राहणाऱ्या तोनिया लोकातेली या इटालियन बाईंनी परदेशी रेडिओला खरी हकीकत सांगितली आणि त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांची कबर चर्चच्या बाहेरच आहे. त्याहीआधी, १९५९ नंतरच्या हिंसाचारात, उत्तरेकडच्या तुत्सींना हाकलून या त्सेत्से माश्यांच्या रानात आणून टाकले होते. त्यांनी बहुसंख्य हुतू समाजातल्या शेतकऱ्यांच्या शेजारी जमिनी कसल्या. हुतू-तुत्सी हा शिक्का ओळखपत्रावर आणला तो बेल्जियन राजवटीने, १९३०च्या दशकात. १९९४ मध्ये मारणाऱ्यांत सैनिक आणि ‘इंतेराहाम्वे’ या हुतू सशस्त्र संघटनेच्या टोळ्या होत्याच. पण चर्चनंतर दलदलीतल्या पपायरसच्या दाटीत लपलेल्यांना रोज कोयते घेऊन शोधणाऱ्यांत हे शेजारीही होते.

मारणारा आणि वाचलेला एकाच वाटेवर राहतात, तेव्हा पुढे काय करायचे? तुरुंगांत एक लाखाहून जास्त संशयित कोंबलेले होते आणि न्यायालये मोडून पडली होती. म्हणून जुन्या गावपंचायतीच्या धर्तीवर ‘गाचाचा’ न्यायसभा उभ्या राहिल्या. गावाने निवडलेले बिनपगारी पंच, वकील नाही, झाडाखाली किंवा उघड्यावर बैठक. २००५ पासून त्या देशभर चालल्या आणि २०१२ मध्ये संपल्या. शिक्षेत सवलत हवी असेल, तर आरोपीने गुन्ह्याची पूर्ण कबुली द्यायची, साथीदारांची नावे सांगायची, प्रेत कुठे टाकले ते दाखवायचे आणि माफी मागायची. माझ्या मते या सगळ्यात मोलाचे होते ते प्रेताची जागा दाखवणे. आईची हाडे कुठे आहेत हेच ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे क्षमेची मागणी कोणत्या तोंडाने करायची?

गाचाचाचे दोषही मोठे होते. साक्षीदारांना धमक्या आल्या, खोट्या तक्रारी झाल्या, आणि १९९४ चे युद्ध जिंकलेल्या तुत्सी-बहुल रवांडा पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी केलेल्या हत्या तिच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. ज्या हुतू घरांतली माणसे त्यात गेली, त्यांच्या दुःखाला ती सभा मिळालीच नाही. सुमारे १९ लाख प्रकरणांपैकी बहुतेक मालमत्तेच्या लुटीची होती. त्यातल्या कित्येकांची भरपाई गरीब दोषींकडून कधी वसूल झाली नाही.

न्यामाताजवळच म्ब्यो हे सलोख्याचे गाव आहे. प्रिझन फेलोशिप रवांडा या ख्रिस्ती संस्थेने ते वसवले. शिक्षा भोगून सुटलेले आणि त्यांच्या हातून वाचलेले, दोघांनी मिळून मातीच्या विटा पाडल्या, घरे बांधली, आणि आता ते शेजारी शेजारी राहतात. बायका एकत्र बसून टोपल्या विणतात. पाहुणे येतात, तेव्हा गुन्हेगार आपली कबुली सांगतो, वाचलेली बाई आपली कहाणी सांगते. हे परदेशी पाहुण्यांसाठी मांडलेले दृश्य आहे, अशी टीका होते. सरकार सलोख्याचा आग्रह इतका धरते की नकार देणे अवघड होते, हेही खरे. तरीही आजारपणात दार ठोठावायला शेजारीण असणे, ही ज्यांचे सगळे नातलग गेले त्यांच्यासाठी क्षुल्लक गोष्ट नाही.

न्यामाताला जाणाऱ्याने नुसते चर्च पाहून परतू नये, म्ब्योलाही जावे. टोपली विकत घ्यावी, ऐकावे. ‘तुम्ही खरेच माफ केलेत का?’ असे मात्र तिथल्या कोणालाही विचारू नये. क्षमा करायची की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे आहे.