हातघडणीची क्रूझर सायकल

सायकल म्हटली की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकविलेली सायकल. अमेरिकेत मात्र या वाहनाचा एक निराळाच वंश वाढला. जाड फुगीर टायर, मागे झुकलेले रुंद हँडल, ऐसपैस बैठक, बाकदार दांडे आणि चाकांवर आच्छादनासारखी उतरलेली भरदार मडगार्डे ही या सायकलीची लक्षणे होत. तिला क्रूझर असे म्हणतात. वेगाची तिला घाई नसते. सपाट रस्त्यावरून, विशेषतः समुद्रकिनाऱ्यालगत, पाठ ताठ ठेवून निवांत फिरणे हाच तिचा धर्म.

मुळात कारखान्यात तयार होणारी ही सायकल पुढे लहान कार्यशाळांतून एकेका स्वारासाठी हाताने घडविली जाऊ लागली. फ्रेम पोलादी नळ्यांची आणि मडगार्डे फायबरग्लासची, अशी या घडणीची एक प्रचलित रीत आहे. भार पोलादाने वाहावा आणि आकार फायबरग्लासने द्यावा, ही वाटणी आज सहज सुचण्यासारखी वाटते. परंतु ती अनुभवाने ठरली आहे.

मंदीच्या काळातील जन्म

१९३० च्या सुमारास जागतिक मंदीने अमेरिकेतील सायकल-उद्योग पार खालावला होता. मोटारगाडीमुळे प्रौढ माणसांनी सायकल केव्हाच सोडली होती. उरली होती ती मुले, आणि त्यांच्या आडदांड वापरापुढे त्या काळचे अरुंद टायर टिकत नसत. शिकागो येथील श्विन कंपनीने १९३३ साली २६ इंच व्यासाचे, २.१२५ इंच रुंदीचे, कमी दाबाचे फुगीर टायर सायकलीला बसविले. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, याच कंपनीची एअरोसायकल बाजारात आली. वरच्या दांड्याखाली पेट्रोलच्या टाकीचा नुसता देखावा, दिवा आणि विमानाची आठवण करून देणारी निमुळती वळणे! टाकीत अर्थातच पेट्रोल नव्हते. पण मोटारसायकलीचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला ती पुरेशी होती. घरोघर वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांचे हे आवडते वाहन ठरले.

क्रूझरचा देखावा ज्या मडगार्डांवर अवलंबून असे, ती पोलादी पत्र्याची असत. पत्र्याला दोन्ही अंगांनी गोलाई द्यावयाची तर प्रचंड दाबयंत्र लागते आणि प्रत्येक आकारासाठी कठीण पोलादाचा स्वतंत्र साचा कोरावा लागतो. या साच्याची किंमत हजारो नगांवर विभागली गेली तरच मडगार्ड परवडते. कारखान्याला हे जमते. ज्याला एकच सायकल किंवा फार तर दहा सायकली घडवावयाच्या आहेत, त्या कारागिराला जमत नाही. पत्रा हातोडीने ठोकून आकार देता येतो खरा. पण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या उतरविण्यासाठी तांबटाचा हात हवा आणि तांबटाइतकाच वेळही.

स्पेसलँडरचा धडा

फायबरग्लासने ही अडचण दूर केली. काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. हे तंतू रेझिनमध्ये भिजवून घट्ट केले की हलका, न गंजणारा आणि हव्या त्या आकाराचा पदार्थ मिळतो. १९५३ मध्ये शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट या मोटारीचे सबंध बाह्यांग फायबरग्लासचे केले. आता सर्व काही याच पदार्थाचे होणार, असे त्या काळी अनेकांना वाटू लागले असल्यास नवल नाही.

बेंजामिन बोडेन या इंग्रज अभिकल्पकाने १९४६ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरलेल्या ‘ब्रिटन कॅन मेक इट’ या प्रदर्शनात एका भविष्यकालीन सायकलीचा नमुना मांडला होता. नळ्यांऐवजी पोकळ, वळणदार कवच हीच तिची फ्रेम. इंग्लंडमध्ये तिला निर्माता मिळाला नाही. पुढे बोडेन अमेरिकेत गेले आणि १९६० मध्ये मिशिगन राज्यात ‘स्पेसलँडर’ या नावाने ती तयार होऊ लागली. तिची फ्रेम फायबरग्लासची होती. किंमत होती ८९.५० डॉलर, म्हणजे त्या काळच्या सायकलीच्या मानाने फार. जेमतेम पाचशेच्या आसपास सायकली बनल्यानंतर हे उत्पादन थांबले. ज्या थोड्या स्पेसलँडर शिल्लक आहेत त्या आज संग्राहकांच्या ठेव्यात आहेत; एक न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयातही आहे.

किंमत हे अपयशाचे एक कारण होते, तसाच फ्रेमचा नाजूकपणा हेही होते. सायकलीच्या फ्रेमवर पायडलच्या प्रत्येक दाबासरशी पीळ पडतो. डावा, उजवा, पुन्हा डावा. जेथे आस, बोल्ट आणि नळ्या एकत्र येतात तेथे हा ताण एकवटतो. नेमक्या याच ठिकाणी साधे फायबरग्लास दुबळे पडते. मडगार्डावर असा ताण येत नाही. त्याला चिखल अडवावयाचा असतो आणि शोभा आणावयाची असते.

डोंगरउताराची कसोटी

पोलादी फ्रेमची कथा कॅलिफोर्नियातच पुढे गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण श्विनच्या जुन्या, फुगीर टायरांच्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळू लागले. १९७६ पासून तेथे एका उतारावर शर्यती होऊ लागल्या. तीन किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरात सुमारे चारशे मीटरांचा उतार! पायडल उलटे दाबून लागणारा मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की हबमधील ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीलाच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे नाव पडले. जुन्या फ्रेम या मारापुढे मोडत. तेव्हा १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेम स्वतःच्या हातांनी घडविली. पहिली ‘ब्रीझर’ सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पहाडी सायकलीचा इतिहास येथून सुरू होतो हे खरे. परंतु जुन्या क्रूझरची ठेवण कायम राखून उत्तम पोलादाची फ्रेम लहान कार्यशाळेत करता येते, हेही तिने दाखवून दिले.

फ्रेमची घडण

काम कागदापासून सुरू होते. स्वाराच्या पायाची आतील बाजूने लांबी, धडाची व हातांची लांबी आणि वजन ही मापे घेऊन प्लायवूडच्या फळीवर सायकलीचे पूर्णाकृती रेखाटन केले जाते. क्रूझरमध्ये हँडलची नळी शर्यतीच्या सायकलीपेक्षा अधिक तिरपी असते आणि दोन चाकांमधील अंतरही जास्त असते. त्यामुळे सायकल सरळ मार्गावर स्थिर चालते. चटकन वळण घेणे मात्र तिला जड जाते. हा तिरपेपणा एक-दोन अंशांनी चुकला तरी स्वाराला तो हातात जाणवतो.

क्रूझरचे सौंदर्य तिच्या बाकदार नळ्यांत असते आणि कारागिराची पहिली परीक्षाही तेथेच होते. नळी वाकविताना तिची बाहेरची बाजू ताणली जाऊन पातळ होते आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडू पाहतात. म्हणून नळीत वाळू ठासून दोन्ही तोंडे बंद करतात किंवा रुळांच्या यंत्रातून ती हळूहळू वळवितात. वाळू भरून तापवावयाची असेल तर ती कोरडी ठणठणीत हवी. ओल राहिल्यास आत वाफ कोंडून तोंडावरची गुडदी बंदुकीच्या गोळीसारखी उडते. जुळ्या नळ्यांची वळणे एकमेकांवर ठेवून पाहिल्यावर त्यांत फट दिसता कामा नये.

यानंतर प्रत्येक नळीचे तोंड दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसेल असे अर्धगोल कानशीने घासले जाते. हे काम कंटाळवाणे असते आणि उतावळा माणूस नेमकी येथेच चालढकल करतो. सांध्यातील फट झाळीने भरून निघेल ही समजूत घातक आहे. चांगला सांधा झाळण्यापूर्वीच निम्माअधिक तयार झालेला असतो.

झाळकामासाठी पितळी सळई वापरतात. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, तर ही सळई ९०० अंशांच्या आसपास. म्हणजे पोलाद न वितळता केवळ लालबुंद होते आणि पितळ त्यावर पाण्यासारखे पसरते. तापलेल्या पृष्ठभागावर गंजाचा थर धरू नये म्हणून टाकणखाराचा लेप देतात. आपल्याकडील सोनार व तांबट याच कामासाठी टाकणखार पिढ्यान् पिढ्या वापरीत आले आहेत. ज्योत कोठे आणि किती वेळ धरावी हे रंगावरून ओळखावे लागते. उष्णता कमी पडली तर पितळ वरवर चिकटते. अधिक झाली तर ते पोलादाच्या कणांमध्ये शिरून तडा निर्माण करते. दोन्ही दोष रंगाखाली झाकले जातात. बंद नळीतील हवा तापून फुगते, तिला वाट मिळावी म्हणून बारीक छिद्रे आधीच पाडून ठेवावी लागतात.

उष्णतेने फ्रेम वाकडी होतेच. ती तपासण्याचा सोपा उपाय खेड्यातील सायकल-मिस्त्रीलाही ठाऊक असतो. मागच्या आसाच्या एका बाजूपासून हँडलच्या नळीभोवती वळसा घालून दुसऱ्या बाजूपर्यंत दोरा ताणावयाचा आणि बैठकीच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजावयाचे.

कारखानदाराला एक सोय असते. तो आपल्या शेकडो फ्रेमपैकी काही यंत्राला जोडून, पायडलवर लाखभर वेळा भार देऊन, वेळप्रसंगी मोडून पाहू शकतो. आंतरराष्ट्रीय मानकांतही अशा चाचण्या सांगितल्या आहेत. एकच फ्रेम करणाऱ्याला ती मोडून पाहता येत नाही. तिच्यावर बसणारा माणूस हाच तिचा पहिला परीक्षक. त्यामुळे शिकाऊ कारागिराने आधी नळ्यांचे तुकडे झाळावेत, ते करवतीने उभे कापून पितळ आतपर्यंत पोचले आहे की नाही ते पाहावे, आणि मगच फ्रेमला हात घालावा, ही शिस्त या धंद्यात आवश्यक ठरते.

मडगार्डाचा साचा

कोकणातील मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या ज्या रीतीने बनतात तीच रीत येथे लहान प्रमाणावर वापरली जाते. प्रथम लाकूड, फोम किंवा प्लास्टर यांचा मडगार्डाच्या आकाराचा नमुना तयार करतात. तो काचेसारखा गुळगुळीत होईपर्यंत घासावा लागतो, कारण नमुन्यावरील प्रत्येक ओरखडा साच्यात आणि साच्यातून मडगार्डावर उतरतो. नमुन्यावर मेण घासून त्यावरून फायबरग्लासचाच साचा काढतात. क्रूझरच्या मडगार्डाच्या कडा आत वळलेल्या असतात. साचा अखंड केला तर तयार झालेला नग त्यातून बाहेरच निघत नाही. यासाठी तो मधोमध दोन भागांत करून बोल्टने जोडतात.

साच्याला पुन्हा मेण लावून आधी रंगीत जेलकोटचा थर दिला जातो. तो किंचित चिकट असतानाच काचतंतूंच्या चटईचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून बसवितात आणि लहान रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. मागच्या मडगार्डाचे उलगडलेले क्षेत्रफळ एक पंचमांश चौरस मीटर धरले, तर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या चटईचे दोन थर म्हणजे सुमारे १८० ग्रॅम काच लागेल. तिला भिजविण्यास त्याच्या सव्वादोन पटींहून थोडे अधिक, म्हणजे ४२० ग्रॅमच्या आसपास रेझिन. जाडी भरते साधारण दोन मिलिमीटर. रेझिन घट्ट करणारे हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे या रेझिनला फक्त चार ते आठ ग्रॅम पुरते. ते अंदाजाने ओतणाऱ्याचे रेझिन भांड्यातच तापून दगड होते.

सावधगिरी येथे नुसती उपचारापुरती नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. हार्डनर आणि कोबाल्टचे प्रवेगक एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होतो. प्रवेगक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालावयाचे असते. रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ डोके जड करते आणि ती पेटही घेते. घट्ट झालेला नग कापताना उडणारी काचेची धूळ कातडीला खाजविते व श्वासाबरोबर आत जाते. उघड्या, वाहत्या हवेची जागा, हातमोजे, चष्मा आणि योग्य मुखवटा यांवाचून हे काम करू नये. घरातील बंद खोली तर मुळीच योग्य नव्हे.

पत्र्याला ठोकर बसली की पोचा पडतो, फायबरग्लासला तारकेसारखी चीर जाते. आतून चटईचा तुकडा लावून ती सांधता येते. अधिक दगा देतात ती बोल्टची छिद्रे. रस्त्याच्या हादऱ्यांनी ती मोठी होत जातात. म्हणून छिद्रांभोवती चटईचा जादा थर देतात आणि बोल्टखाली रुंद वॉशर व रबराची चकती घालतात. टायर आणि मडगार्ड यांमध्ये खडा सहज निघून जाईल इतकी फट ठेवावी लागते.

मडगार्ड भार वाहत नसले तरी पुढचे मडगार्ड सुटून चाकात अडकले, तर चाक जागीच थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. पुढच्या मडगार्डाच्या आधारसळया आणि त्यांचे बोल्ट पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर, आणि पुढे दर महिन्याला, हाताने हलवून पाहावेत. छिद्राभोवती केसासारखी रेघ दिसू लागली असेल, तर मडगार्ड काढून ठेवून, दुरुस्त होईपर्यंत सायकल त्याच्यावाचून चालवावी.