घर मोठे, संध्याकाळ छोटी

मुंबईहून दिल्लीला बदली झाली की सगळे थंडीविषयी बजावतात. खरा फरक पडतो तो दुसरीकडेच.

बदलीचा कागद घरात येतो तेव्हा पहिली चर्चा होते घरभाड्याची, दुसरी मुलांच्या शाळेची आणि तिसरी, दबक्या आवाजात, सासूबाईंच्या गुडघ्यांना तिथली थंडी सोसेल का याची. बँका, रेल्वे, संरक्षण खाते, विमा कंपन्या, वर्तमानपत्रे यांत नोकरी करणाऱ्या मराठी घरांना दिल्लीची बदली नवी नाही. आमच्या घरी २०१८ च्या जूनमध्ये तो कागद आला तो माझ्या नावाचा. दादरला लहानाची मोठी झालेली मी, नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी असे आम्ही भर उन्हाळ्यात राजधानीत उतरलो. निघताना जो तो एकच सांगत होता, "थंडीला जपा हं!" थंडी आली, रजया निघाल्या, बाजारात लालचुटूक गाजरे आली आणि थंडी चक्क आवडली. अवघड गेले ते वेगळेच, आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

पण आधी सुखाच्या गोष्टी.

मुंबईत आमचे घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती जाळीची बाल्कनी. द्वारकेत त्याच भाड्यात थोडीशी भर घालून तीन खोल्यांचे घर मिळाले. सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. पहिल्या रात्री त्यांना झोपच आली नाही. "कुणाचा आवाज नाही गं, चुकल्यासारखं होतं," म्हणाल्या. २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहिले की याचा उलगडा होतो. मुंबईच्या सुमारे ६०३ चौरस किलोमीटरमध्ये १ कोटी २४ लाख माणसे राहत होती, तर दिल्लीच्या १४८३ चौरस किलोमीटरमध्ये १ कोटी ६८ लाख. म्हणजे तिकडे चौरस किलोमीटरला वीस हजारांवर आणि इकडे अकरा हजारांच्या आसपास. शिवाय मुंबईला तिन्ही बाजूंनी पाणी. ती लांबते ती उत्तरेलाच. दिल्लीला अशी आडकाठी नाही. ती नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद अशी चहूकडे पसरत गेली.

या ऐसपैसपणाचे घरगुती फायदे पुष्कळ. मुंबईत पापड-कुरडया वाळवायच्या तर गच्चीची किल्ली सोसायटीच्या चिटणिसांकडे मागावी लागे. इथे मे महिन्याच्या उन्हात सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी कडकडीत! फक्त आंधी येण्याआधी उचलायचे भान हवे, नाहीतर वर्षभर धूळ तळून खावी लागते. तिकडे जुलैत कपडे वाळत नाहीत, इकडे धुके असले की जानेवारीत वाळत नाहीत. भाजीवाला ठेला घेऊन दाराशी येतो आणि कोथिंबीर-मिरच्या फुकट देतो. त्या देणे हा त्याचा धर्म आणि न विसरता मागणे हा गिऱ्हाइकाचा. आठवड्याच्या वाराचे बाजारही भरतात, सोमबाजार, बुधबाजार अशा सुटसुटीत नावांचे. जिवंत वाटते ती संध्याकाळ तेवढी एकच.

माशांचे मात्र हाल. समुद्र खूप दूर. चित्तरंजन पार्कातल्या बंगाली बाजारात गोड्या पाण्याचे मासे उत्तम मिळतात, पण आमच्या घरच्या मालवणी जिभेला रोहूचे काय कौतुक? आय.एन.ए. मार्केटमध्ये पापलेट, नारळ, कढीपत्ता सगळे मिळते आणि दाम ऐकून माणूस गुपचूप पनीरकडे वळतो.

"आपको लेने कौन आएगा?"

आता त्या अवघड गोष्टीकडे वळते. नोकरीचा पहिलाच आठवडा. अंक छपाईला जायचा होता, आठ वाजत आले होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी आपुलकीने विचारले, "आपको लेने कौन आएगा?" मला प्रश्नच कळला नाही. मला घ्यायला कोण कशाला येईल? मुंबईत मी रात्री दहाला कचेरीतून निघे, वाटेत भाजी घेई, लोकल पकडे आणि घरी जाई. नवऱ्याला फार तर "कुकर लाव" एवढाच फोन. त्या रात्री मात्र बाहेर पडले आणि प्रश्न कळला. रस्ता सुंदर होता, रुंद, दुतर्फा झाडे. आणि त्यावर चालणारी मी एकटीच होते.

याला केवळ "दिल्लीची माणसेच तशी" म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. शहराची बांधणीच वेगळी आहे. इंग्रजांनी १९११ मध्ये राजधानी कोलकात्याहून हलवायचे ठरवले, १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले, आणि ती राजधानी बंगल्यांची, लांबलचक कुंपणांची होती. पुढे १९६२ च्या पहिल्या मास्टर प्लॅनने कचेऱ्या एकीकडे, बाजार दुसरीकडे, राहण्याच्या वसाहती तिसरीकडे अशी वाटणी केली. कचेऱ्या सुटल्या की तो भाग ओस पडतो. मुंबई मात्र जागेअभावी एकावर एक रचली गेली. खाली दुकान, वर बिऱ्हाड, फुटपाथवर वडापावची गाडी, कोपऱ्यावर रात्री अकरापर्यंत उघडा केमिस्ट. आपण वैतागतो त्या गर्दीला, पण एकट्या बाईला रात्री सोबत असते ती तिचीच. दिल्लीच्या वसाहतींना लोखंडी फाटके असतात. रात्री ठरल्या वेळी त्यांतली बरीचशी बंद होतात, एखादेच उघडे राहते. फाटक सुरक्षिततेसाठी, हे खरे. पण आतल्याला जसे सुरक्षित वाटते तसे बाहेर राहिलेल्याला वाटत नाही. बंद फाटकाला वळसा घालून उरलेल्या एकमेव दारापर्यंत मी एकदा वीस मिनिटे चालले आहे. ती वीस मिनिटे मला अजून आठवतात.

१६ डिसेंबर २०१२ ची घटना कोणी विसरलेले नाही. चित्रपट पाहून परतणारी एक तरुणी बस मिळेना म्हणून एका खासगी बसमध्ये चढली होती, आणि वेळ रात्री साडेनऊच्या आसपासची होती. मध्यरात्र नव्हे! त्यानंतर २०१३ मध्ये कायदा कडक झाला. पण मुंबईकरांनी ताठ मानेने बोलू नये. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महालक्ष्मीच्या बंद पडलेल्या शक्ती मिलमध्ये कामासाठी गेलेल्या एका छायाचित्रकार मुलीवर अत्याचार झाला, आणि तो संध्याकाळी. तीही ओसाड जागाच होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लोकलचा डबा आणि मेट्रोचा डबा

दिल्लीची संध्याकाळ थोडी लांबवली ती मेट्रोने. २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा सुरू झाला, जेमतेम साडेआठ किलोमीटरचा. द्वारकेपर्यंत ती २००५ च्या अखेरीस आली आणि २०१० पासून पहिला डबा बायकांसाठी राखीव झाला. इथल्या जुन्या मराठी बायका सांगतात की त्याआधी क्लास, नाटक, मैत्रिणीचे घर यांचा हिशेब एकाच प्रश्नावर अडे, "आणायला कोण येणार?" आता मुली एकट्या जातात. शेवटच्या गाड्या रात्री अकराच्या सुमारास सुटतात. स्टेशनपासून घरापर्यंतचा तुकडा मात्र अजून बोचतो. बरोबर दोघी-तिघी मिळाल्या तरच मी रात्री ई-रिक्षात बसते. बसचेही तेच. २०१९ च्या भाऊबीजेपासून दिल्लीच्या सरकारी बसमध्ये बायकांचा प्रवास मोफत झाला आणि आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंनी त्या पैशांत मुलाची शिकवणी लावली. पण बस वेळेवर येईल याची खात्री त्यांना कोणी देत नाही.

लोकलची मजा मेट्रोत नाही, हे कबूल करते. मेट्रो गार, स्वच्छ, शिस्तशीर. जो तो मोबाइलमध्ये. लोकलच्या लेडीज डब्यात मी भाजी निवडली आहे, डोहाळजेवण केले आहे, चौथ्या सीटवर अर्धी टेकून "कुठं उतरणार?" विचारत कल्याणपर्यंत ओळखी केल्या आहेत. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर लेडीज स्पेशल सुरू झाली. माझी आई तिला "माहेर" म्हणायची. पण या माहेराचा हुंडा जबर आहे. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावतात. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, तेव्हा माझा दीर त्याच मार्गावरच्या पुढच्या गाडीत होता. दीड तास त्याचा फोन लागत नव्हता. सासूबाई मोठ्या घरातल्या आपल्या खोलीत देवापुढे बसून होत्या.

नोव्हेंबरची भीती

दिल्लीकर थंडीला भीत नाही, नोव्हेंबरला भितो. पंजाब-हरियाणातल्या शेतांतला धूर, गाड्या, बांधकामांची धूळ, फटाके, आणि वारा पडलेला. समुद्र नाही, त्यामुळे हवा धुऊन नेणारा वाराही नाही. आकाश राखाडी होते, डोळे चुरचुरतात, शाळांना सुट्टी मिळते. पहिल्या वर्षी मुलीचा खोकला महिनाभर हटला नाही. डॉक्टरांनी औषध दिले आणि चष्मा पुसत म्हणाले, "हवा बदलून आणता आली तर बघा." तेव्हापासून आम्ही दिवाळीला ठाण्याला जातो. लोकांना वाटते फराळासाठी. खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र घेतले आहे, मुलगी त्याला "घरातला वारा" म्हणते. अर्थात मुंबईचे जुने तोरेही उतरले आहेत. २०२३ च्या पावसाळ्यानंतर तिथली हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि फटाक्यांच्या वेळेवर बंधन घातले. तरी फरक राहतोच. तिथे समुद्रावरून वारा सुटला की दोन दिवसांत निवळते, इथे थंडी सरेपर्यंत वाट पाहावी लागते.

एकटेपणा मात्र वाटेल असा धसका घेऊन आलो होतो, तो खोटा ठरला. पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात मराठी जेवण मिळते. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन झाले होते. त्यानंतर थेट २०२५ च्या फेब्रुवारीत ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. मी मुलीला घेऊन गेले. पुस्तकांच्या दुकानापाशी एका आजींनी तिला नाव-गाव विचारले, तर ही म्हणते, "आजी, मी द्वारकेची. खाना खाऊन घेतला का तुम्ही?" आजी हसल्या. मला हसू आले आणि थोडे लागलेही.

आता गोष्ट पुन्हा कागदावर आली आहे. मुंबई कार्यालयात जागा रिकामी होते आहे, परत जायचे का, अशी विचारणा झाली. रविवारी जेवताना मी विषय काढला. नवरा म्हणाला, एवढ्या भाड्यात तिथे दीड खोली मिळेल, तीही डोंबिवलीपलीकडे. सासूबाईंनी आमटी वाढता वाढता विचारले, "माझी खोली राहील का गं?" मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिला पेटी शिकायची आहे आणि तिचा क्लास संध्याकाळी सातला सुटतो. ती म्हणाली, "तिथं मी एकटी परत येऊ शकेन?"

महिनाअखेरपर्यंत उत्तर कळवायचे आहे.