वृद्धांमधील उच्च रक्तदाब आणि औषधसातत्य
उच्च रक्तदाबावरील औषधे ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी आणि दीर्घकाळ न चुकता घेणे यास औषधसातत्य म्हणतात. हा विकार बहुधा लक्षणांविना असतो. त्यामुळे बरे वाटू लागताच अनेक रुग्ण गोळ्या थांबवतात. रक्तदाब पुन्हा वाढतो आणि पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार औषधे नियमित घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण चीनमध्ये ४३, गांबियात २७ आणि अमेरिकेत ५१ टक्के होते.

== कारणे ==
वृद्धांमध्ये विस्मरण, मंद दृष्टी, एकाच वेळी अनेक आजारांच्या गोळ्या आणि उठताना येणारी चक्कर ही प्रमुख कारणे आढळतात. "एकदा गोळी सुरू केली की सवय लागते" हा समजही अडसर ठरतो. ग्रामीण भागात दवाखान्यात जाण्यासाठी बुडणारी मजुरी, प्रवासखर्च आणि सोबतीचा अभाव यांची भर पडते. बीटा-रोधक, क्लोनिडीन यांसारखी काही औषधे अचानक बंद केल्यास रक्तदाब झपाट्याने वाढू शकतो.

== मापन ==
उरलेल्या गोळ्या मोजणे आणि प्रश्नावली वापरणे या प्रचलित पद्धती आहेत. मॉरिस्की, ग्रीन व लेव्हिन यांनी १९८६ मध्ये मांडलेली चार प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. बरे वाटल्यावर औषध थांबवता का, हा तिच्यातील एक प्रश्न आहे.

== वर्धा जिल्ह्यातील कार्य ==
वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा (स्थापना १९६९) समुदाय वैद्यकशास्त्र विभाग या परिसरात प्रशिक्षण व संशोधनाचे काम करतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा व भंडारा यांच्यासोबत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. सोपी ठरावीक उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांमध्ये कामाची विभागणी, घराजवळ सेवा आणि रुग्णनोंद ही त्याची पाच सूत्रे आहेत. रुग्णास एका वेळी किमान ३० दिवसांच्या गोळ्या दिल्यास त्याच्या खेपा वाचतात. नोंदीवरून भेट चुकलेला रुग्ण ओळखता येतो.

== उपाय ==
दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी, जेवणाच्या वा इतर नित्यकर्माच्या वेळेशी तिची सांगड, वारांचे कप्पे असलेली डबी आणि घरातील एका व्यक्तीची देखरेख उपयुक्त ठरते. त्रास जाणवल्यास औषध स्वतःहून न थांबवता डॉक्टरांकडून मात्रा किंवा औषध बदलून घेणे आवश्यक असते.