मेघनं धूम ठोकली

नागापूरच्या एमआयडीसीत पाळ्या फिरत्या, म्हणून आमच्या टेबलावरचा पहिला घरचा नियम पाळीचाच: ज्याची दुसरी पाळी, त्याचं पात्र त्या दिवशी बैलगाडीत झोपलेलं. त्याला मारायचं नाही, त्याच्या थैलीलाही हात लावायचा नाही. फासा खाटेखाली घरंगळला तर एक पडला असं धरायचं. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे.

अडलं ते मेघपाशी. एकीनं पात्र घेतलं, ना बाई ना पुरुष. इंग्रजीत 'दे' वर भागतं. एकाच माणसाला 'दे' म्हणायची चाल तिकडे चौदाव्या शतकापासूनची, आणि 'आय' म्हणताना तर प्रश्नच येत नाही. आपल्याकडे 'मी' च्या पुढचं क्रियापद चुगली करतं. आलो की आले? 'ते आलं' म्हणावं तर करडू आल्यासारखं वाटतं, आदरानं 'ते आले' म्हणावं तर पुरुषच उभा राहतो.

खेळता खेळता वाट सापडली. 'मी दार उघडणार' यात कुणी पकडलं जात नाही. 'मी दार उघडलं' यातही नाही. तिथं क्रियापद दाराच्या मागं जातं. म्हणून मेघ पळत नाही, मेघनं धूम ठोकली. बसायचं नाही, बैठक मारायची. थकायचं नाही, मेघला थकवा येतो. गोष्ट सांगताना मलाही तेच पथ्य.

चुकलं की पुढच्या फाशातून एक वजा. सीएनसीवरचा आमचा एक गडी चेटकीण खेळतो. जोशात 'मी भिंतीवर चढलो' म्हणाला की सगळे ओरडतात, 'चढले!' मेघवालीला वजाबाकी क्वचितच लागते. बोलण्याआधी ती जराशी थांबते, कर्म शोधते. मला तर तिचंच बोलणं सगळ्यांत रसरशीत वाटतं. तिच्या वाक्यात सतत काहीतरी मारलं, टाकलं, ठोकलं जात असतं.

मागच्या डावात मेघला राक्षसाचा घाव बसला. फासा टाकला, तीन. आता मेलो की मेले? सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले.

"मी जीव सोडला," ती म्हणाली.

त्यावर भांडण पेटलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. फासा ताटलीच्या काठाला टेकून तिरका उभा होता, आणि तिरका फासा धरायचा की परत टाकायचा, याचा नियम आम्ही अजून केलाच नव्हता.