जुनी जीप घेताय? आधी पुढची चाकं बघा

घरात दुसऱ्याच्या हातची जीप आणायचं ठरलं, की बोलणी सगळी रंगाची, हुडाची आणि इंजिनाच्या आवाजाची होतात. पुढच्या चाकांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. ‘जरा एका बाजूला ओढते, अलाइनमेंट करून घ्या, झालं!’ असं विकणारा सहज म्हणतो आणि घरातले सगळे माना डोलावतात. मैत्रिणींनो, इथंच पाणी मुरतं. ओढणारी गाडी म्हणजे कधी शंभर-दोनशे रुपयांचं काम, तर कधी वाकलेला ॲक्सल. यांतलं कोणतं, हे पैसे मोजण्याआधी कळायला हवं. त्याच गाडीत उद्या मुलं मागं बसणार आणि घाटातलं वळण उतरायचं असणार.

हे ओळखायला मेकॅनिकच हवा असं नाही. खडू, मोजपट्टी, गवंड्याचा ओळंबा, जॅक आणि हाताशी एक माणूस एवढ्यावर पुष्कळ काम भागतं. शिवणयंत्राचा टाका का चुकतोय हे जिला शोधता येतं, तिला हेही येईल.

आधी एक खुलासा. जुन्या विलीज पद्धतीच्या जीप आणि १९८५ साली आलेली जिप्सी यांना पुढंही मागच्यासारखाच एक सलग ॲक्सल असतो आणि तो पाट्यांच्या कमानींवर बसलेला असतो. २०२० सालच्या थारसारख्या नव्या गाड्यांत पुढची दोन चाकं स्वतंत्र उसळतात. त्यांचं गणित वेगळं. इथं बोलायचं आहे ते सलग ॲक्सलवाल्या गाड्यांबद्दल, कारण डोंगरकपारीत फिरून विकायला येतात त्या जुन्या गाड्या बहुतेक याच जातीच्या.

तीन शब्द तेवढे ध्यानात ठेवा. वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं किंचित जवळ असतात, तो टो-इन. म्हणजे माणूस पावलं आत वळवून चालतो ना, तसं. समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला थोडं बाहेर किंवा आत झुकलेलं दिसतं, तो कॅम्बर. आणि बाजूनं पाहिलं तर चाक ज्या खुंटाभोवती वळतं तो खुंट मागं कललेला असतो, तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणूनच ती हात सोडूनही थोडी सरळ जाते. जीपचं वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं, तेही याच कलामुळं. सलग ॲक्सलच्या गाडीत यांपैकी सहज फिरवून जुळवता येतो तो फक्त टो-इन. कॅस्टर कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून बदलावा लागतो. आणि कॅम्बर? तो ॲक्सलमध्येच घडवलेला. म्हणून कॅम्बर बिघडला असेल तर ‘अलाइनमेंट करून घ्या’ या सल्ल्याला अर्थ नाही. काहीतरी झिजलंय किंवा वाकलंय, एवढंच त्याचं उत्तर.

टायर खोटं बोलत नाहीत

पहिलं काम, टायरवरून हात फिरवा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवलेली, मध्यभाग झिजला असेल तर जास्त. एकाच टायरची एकच कड गुळगुळीत झाली असेल तर कॅम्बरचा संशय घ्या. टो चुकला असेल तर रबराच्या पट्ट्या करवतीसारख्या लागतात. तळवा बाहेरून आत नेला तर गुळगुळीत आणि आतून बाहेर आणला की टोचतं, असं असेल तर टो-इन जास्त आहे. उलटं लागलं, तर चाकं बाहेर फाकलेली आहेत.

आता विकणाराही काही कमी हुशार नसतो. पुढं दोन नवे टायर चढवून तो गाडी उभी करतो. मग तुम्ही मागचे टायर आणि स्टेपनी बघा; खाल्लेला टायर बहुधा तिथंच जाऊन बसलेला असतो. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथं १९०४ साली असं जादा चाक बनवायला लागले, आणि आपल्याकडं अजून तेच नाव चालतंय.)

खाली वाकून टाय रॉडही बघा. चाकांना एकमेकांशी जोडणारा हा दांडा दगडावर आपटून वाकतो. त्याच्या टोकांचे आटे नुकतेच फिरवल्यासारखे चकचकीत असतील, किंवा सगळा चिखलगाळ असताना ॲक्सलच्या एकाच भागावर ताजा काळा रंग असेल, तर ‘इथं काय केलंत?’ असं स्पष्ट विचारा. भीड धरू नका.

चालवून पाहताना

निघण्याआधी चारही टायरची हवा मोजून सारखी करा. निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. फोर-व्हीलचा दांडा टू-व्हीलवर आहे ना, हेही बघा, कारण डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये गाडी वळायला कुरकुरते आणि दोष उगाच स्टिअरिंगवर जातो.

आपल्याकडं डावीकडून चालायचं आणि रस्ता मधे उंच, कडेला उतरता. त्यामुळं निर्दोष गाडीही किंचित डावीकडं जाते. रिकाम्या, रुंद, सपाट जागेत पाहिलं तरच खरं कळतं. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर दोष ब्रेकचा. थोडं चालवून थांबल्यावर एकच चाक जास्त गरम लागलं (दुरूनच हात धरा हं, चटका बसेल), तर त्या चाकाचा ब्रेक धरून ठेवतोय. तसं नसेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घाला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा होता.

वळण घेतल्यावर स्टिअरिंग सरळ यायला तयार नसेल तर कॅस्टर कमी आहे किंवा किंग पिन जाम आहे. हौशी लोक लांब शॅकल टाकून गाडी उंच करतात. उंच गाडी रुबाबदार दिसते खरी, पण ॲक्सलचा कल बदलतो आणि मग ती रस्त्यावर भिरभिरत जाते. अशी वाढवलेली गाडी असेल तर माझं मत विचाराल तर दुसरी बघा.

आणि एक धोक्याची खूण. ठरावीक वेगाला, एखादा खड्डा लागताच, पुढची चाकं थडाथडा नाचायला लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. तसं झालं तर जोरात ब्रेक मारू नये. पाय उचलून गाडी हळूहळू मंद होऊ द्यावी. याचं कारण चाकांचं बॅलन्सिंग असू शकतं, पण बहुधा किंग पिनची बेअरिंगं, टाय रॉडची टोकं किंवा स्टिअरिंग बॉक्स सैल झालेला असतो. नवा कोरा स्टिअरिंग डॅम्पर लावला की नाच काही दिवस दबतो. जुन्या गाडीवर तेवढाच एक भाग नवा दिसला तर कान टवकारा.

ढिलं काय आहे?

मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकनं उचला आणि ॲक्सलखाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही गाडीखाली शिरू देऊ नका. आता चाक वर आणि खाली धरून हलवा. खुटखुट हललं, तर आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. हे काम त्या मानानं हलकं. तरीही हलत राहिलं तर किंग पिन. ओढ्या-नाल्यांतून गेलेल्या गाडीत त्या गोल सांध्याच्या सिलमधून पाणी शिरतं आणि ग्रीस गंजकट चहासारखं बाहेर येतं. ते दिसलं की आत बेअरिंगं गंजलेली धरून चाला. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खुटखुटलं तर टाय रॉडची टोकं बघा.

ही ढिलाई तशीच ठेवून अलाइनमेंट करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. यंत्रावर आकडे जुळतील आणि पहिल्या खड्ड्यात विस्कटतील.

खडू आणि ओळंबा

सगळं घट्ट असेल तर मोजमाप घ्या. सपाट फरशीवर स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी पुढं ढकला. दोन्ही पुढच्या टायरांच्या पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, बरोबर मधोमध खडूची खूण करा. खुणेवरून ओळंबा सोडून फरशीवर फुली मारा. मग चाकाचा अर्धा फेरा होईल एवढी गाडी पुढंच ढकला. त्याच खुणा आता मागं आल्या. तिथूनही ओळंबा सोडून फुल्या मारा. गाडी बाजूला घ्या आणि फुल्यांमधलं अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी असेल तर साधारण ठीक. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात मिळेल. एक सेंटिमीटरचा फरक आला तर टायर खाणारच.

ओळंबा चाकाच्या वरच्या कडेपासून रिमसमोर धरला की झुकावही कळतो. पंधरा इंची रिमला एका अंशाला वर-खाली सुमारे साडेसहा मिलिमीटर फरक पडतो. दोन्ही बाजूंचा आकडा सारखा येणं महत्त्वाचं. एकच चाक वेगळं झुकलं आणि बेअरिंगं मात्र घट्ट, तर ॲक्सल वाकलेला असण्याची शक्यता जबर.

शेवटी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. कमानीचा मधला बोल्ट तुटला की ॲक्सल एका बाजूला मागं सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

हे सगळं जमून गाडी घेतलीत, की मग यंत्रावर अलाइनमेंट करा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या. नुसतं ‘ओके आहे ताई’ चालवून घेऊ नका. पाट्यांचं काम झालं असेल तर थोडे दिवस चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला सांगा, कारण नव्या पाट्या बसल्या की ते सैल पडतात.