'ऊसाला' लिहिणाऱ्या मुलाला काय येतं?

समजा, माधवनगरच्या एखाद्या शाळेत तुम्ही चौथीच्या मुलांचं श्रुतलेखन घेतलं. शब्द दहा, पण जोड्या पाच: ऊस-उसाला, सूत-सुताला, फूल-फुलाला, पूल-पुलाला, वकील-वकिलाला.

पहिल्या मुलानं ऊस, सूत, फूल बरोबर लिहिलं. पण पुढे ऊसाला, सूताला, फूलाला. दुसऱ्यानं उस, सुत, फुल लिहिलं. उसाला, सुताला मात्र बरोबर. दोघांनाही दहापैकी पाच. तुमच्या एक्सेलमध्ये दोघं सारखेच. वर्गात दोघांनाही एकच शेरा मिळतो: 'शुद्धलेखनाकडे लक्ष नाही.'

आता नियम बघा. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार किंवा उकार दीर्घ असतो, आणि प्रत्यय लागताना सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांमागे इथे उच्चारच आहे. 'ऊस' म्हणा, मग 'उसाला' म्हणा. ऊ आखूड झालेला कानाला कळतो.

म्हणजे पहिला मुलगा निष्काळजी नाही. तो मूळ शब्द जसाच्या तसा जपतोय. त्याला जोडी मोठ्यानं म्हणायला लावा आणि फरक ऐकवा. दुसरा कदाचित सगळीकडे ऱ्हस्वच लिहितोय; तसं असेल तर त्याचे पाच बरोबर शब्द हे ज्ञान नाही, योगायोग आहे. त्याच्याकडून आधी 'ऊस', 'फूल' पक्कं करून घ्यावं लागेल.

मुलांच्या चुकांमागे तर्क असतो हे चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांबाबत दाखवलं. ती मुलं 'ट्रक' शब्दाची सुरुवात 'च'च्या अक्षरांनी करत, कारण बोलताना तो आवाज 'च'च्या जवळ जातो. फरक एवढाच की ती मुलं कानावर विसंबून होती. आपला पहिला मुलगा कानापेक्षा शब्दाच्या रूपावर विसंबतोय.

आता तुमच्या प्रयोगाकडे या. दोन सापळे आहेत.

एक, यादीत 'गीत', 'दूत' असे तत्सम शब्द मिसळू नका. त्यांचं गीताला, दूताला असंच राहतं. नियम कळलेला मुलगा 'गिताला' लिहील, आणि तुम्ही त्याला चूक द्याल!

दोन, 'फुलाला' बरोबर आलं म्हणजे नियम कळला असं नाही. शब्द पाठ असू शकतो. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये खोटे शब्द देऊन मुलांना त्यांची अनेकवचनं करायला लावली होती. तसंच करा. एका प्राण्याचं चित्र, खाली 'झबूट'. मग विचारा: "कुणाला खायला दिलं?" मुलानं स्वतःहून 'झबुटाला' लिहिलं, तर ते पाठांतरातून आलेलं नाही.

म्हणून डेटा गोळा करण्याआधी तक्त्यात 'बरोबर/चूक' शेजारी आणखी एक रकाना आखा: 'मुलानं नेमकं काय लिहिलं?' तो नंतर भरता येत नाही, कारण तोवर वह्या परत गेलेल्या असतात.